गाडीच्या स्पीकर आणि सबसाठी अँप: काय घेतलं, काय नाकारलं, आणि बसवणारं दुकान कसं निघालं

घाई असलेल्यांसाठी आधी निकाल. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, पुढच्या दारात साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर वेगळा असलेले), डिकीत सीलबंद बॉक्समध्ये दहा इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर), आणि हे सगळं चालवायला एकच चार चॅनलचा अँप (अँप्लिफायर), रॉकफर्ड फॉसगेटचा आर३००एक्स४. दोन चॅनल पुढच्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून एकच जोरदार चॅनल करून, सबला. मागच्या दारातले कंपनीचे स्पीकर डेकवरच (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवरच) ठेवलेत, फेडरने (पुढे-मागे आवाज वाटणाऱ्या सेटिंगने) जवळजवळ बंद. फिटिंग फोंड्याला केलं. अँपला साडेचार स्टार, दुकानाला साडेतीन, त्यातला निम्मा मार्क तिथल्या मेस्तच्या (फिटिंग करणाऱ्या कारागिराच्या) हाताला.

आता सविस्तर, कारण अँप घ्यायला निघालेला माणूस शंभरातल्या नव्वद वेळा चुकीच्या आकड्याकडे बघतो.

म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात जा, काउंटरवर पहिला येतो तो अँप ५००० वॅटचा असतो, सोनेरी अक्षरात लिहिलेलं असतं. एकाने तर थेट माझ्या हातातच दिला, "पात्रांव, हो पांच हजार वॅटाचो, हातूंत आनीक कितें जाय तुका?" म्हणजे ह्याच्यात आणखी काय पाहिजे तुला. हातात घेतला तर हलका फूल. उलटा करून बाजूला बघितलं तर फ्यूज एकच, ३० अँपिअरचा. आता साधं शाळेतलं गणित करा, गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात, १४ गुणिले ३० म्हणजे ४२० वॅट आत जाणार, त्यातले निम्म्याच्या आसपास उष्णतेत गेले तर बाहेर किती येणार, दोनशे-सव्वादोनशे. मग बाकीचे पावणेपाच हजार काय अनमोडच्या घाटातून येणार? ही फ्यूजची ट्रिक लक्षात ठेवा, बॉक्सवर काहीही छापलेलं असू दे, फ्यूज खोटं बोलत नाही. क्लास एबीचा (बरीच वीज उष्णतेत घालवणारा) अँप असेल तर व्होल्ट गुणिले फ्यूजचे निम्मे धरा, क्लास डीचा (वीज कमी वाया घालवणारा) असेल तर ऐंशी टक्के धरा, त्याच्या वर तो अँप सलग देऊच शकत नाही. बॉक्सवरचा मॅक्स किंवा पीक वॅट म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिला सांगितलेला भाव, त्या भावाने कोणी घेत नाही आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं.

बघायचा तो आरएमएस, म्हणजे अँप सलग देऊ शकतो ती पॉवर. आणि आरएमएससुद्धा किती ओहमला (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप, ओहम कमी तेवढा अँपवर भार जास्त) आणि किती व्होल्टला मोजलाय ते. अमेरिकेत सीईए-२००६ म्हणून एक स्टँडर्ड आहे, हल्ली त्याला सीटीए-२००६ म्हणतात, त्याच्यात पॉवर १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत ठेवून मोजायची असते. ज्या अँपच्या कागदावर हे लिहिलेलं असतं त्याचे आकडे एकमेकांशी लावून बघता येतात. ज्याच्यावर नुसतं "हाय पॉवर" लिहिलंय त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

मग अँप लागतोच कशाला, डेकवरच लिहिलंय की ५० वॅट गुणिले ४, असं माझा चुलतभाऊ मला विचारत होता. तोही त्याच जातीचा आकडा. डेकच्या आतला चिप १४.४ व्होल्टवर चालतो, ४ ओहमच्या स्पीकरला तो अगदी आदर्श परिस्थितीत स्वच्छ २५-२६ वॅट देऊ शकेल, खऱ्या आयुष्यात १८ ते २०-२२. पन्नास येतात ते कधी, तर सिग्नल पूर्ण चिरडून चौकोनी झाला की, म्हणजे कानाला जो चरचरीत आवाज येतो तो. ट्वीटर बरेचदा असेही जळतात, कमी पॉवरचा डेक शेवटपर्यंत पिळल्याने.

पण एक गोष्ट कोणी दुकानदार सांगत नाही ती मी सांगतो, अँप लावल्याने आवाज दुप्पट वगैरे होत नाही. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. डेकच्या १८ वॅटवरून अँपच्या ५० वॅटवर गेलो तर साडेचार डेसिबलच्या आत-बाहेर फरक. मग फायदा काय? फायदा हा की जिथे डेक आधी रडायला लागायचा त्याच आवाजावर आता शब्द न शब्द कळतो. तबल्याची थाप थापेसारखी येते. म्हणून नुसता आवाज मोठा पाहिजे असेल तर अँपच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो ते) बघा, ८८ डेसिबलच्या जागी ९१ चा स्पीकर घेतला तर ते फुकटात पॉवर दुप्पट केल्यासारखंच आहे.

आता ओहम. हा भाग कंटाळवाणा आहे पण पैसे इथेच बुडतात.

स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात, तिथे डोकं लावायची गरज नाही. भानगड सबची. सब एका कॉइलचा असतो किंवा दोन कॉइलचा. दोन कॉइलवाला ४ अधिक ४ चा असेल तर पॅरलल जोडला की २ ओहम होतो, सिरीज जोडला की ८. दोन अधिक दोनचा असेल तर १ किंवा ४. म्हणजे सब आधी घेतला आणि अँप नंतर, तर अँपला तेवढ्या ओहमला चालायची ताकद आहे की नाही ते बघावं लागतं, आणि चार चॅनलचा अँप ब्रिज करायचा असेल तर बहुतेक अँपना ४ ओहमच्या खाली चालत नाही, कारण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला सबच्या निम्मेच ओहम दिसतात. ब्रिजवर २ ओहमचा सब टाकला तर प्रत्येक चॅनलला १ ओहम, आणि तेवढा करंट द्यायला तो बनवलेलाच नाही.

माझ्या मित्राला एका दुकानात अगदी हेच करून दिलं होतं. दोन कॉइलचा बारा इंची सब पॅरलल मारला आणि चार चॅनलच्या अँपला ब्रिज केला. दुकानासमोर पाच मिनिटं वाजवून दाखवला तेव्हा दणदणीत, मित्र खूश, पैसे देऊन निघाला. बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे अँपची लाल लाइट लागली आणि सगळं बंद. थंड झाला की परत चालू, परत बंद. दुकानवाला म्हणे गाडीची बॅटरी वीक आहे, बॅटरी बदला. बदलली. परत तेच. शेवटी दोन कॉइल सिरीजमध्ये घेऊन ८ ओहम केले तेव्हा बंद पडणं थांबलं, पण मग पॉवर निम्म्याच्याही खाली गेली आणि त्या बारा इंचीत जीव राहिला नाही. ज्या दिवशी सब घेतला त्याच दिवशी कोणीतरी एक मिनिट कागदावर गणित केलं असतं तर बॅटरीचे पैसे वाचले असते.

तर मी उलटं गेलो. आधी ठरवलं की डिकी पूर्ण द्यायची नाही. चवथीच्या बाजाराला माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळा-भाज्यांच्या मांडवाचं) सामान, नारळ, भाज्या, वर बायकोच्या माहेरून येणारी पोती, हे सगळं त्याच डिकीत बसलं पाहिजे, म्हणजे बारा इंची गेला. दहा इंची, एका कॉइलचा, ४ ओहमचा, २०० वॅट आरएमएसच्या आसपासचा. पुढचे स्पीकर ६० वॅट आरएमएस, ४ ओहम. ह्या दोन ओळी एका चिठ्ठीवर लिहिल्या आणि तीच चिठ्ठी घेऊन दुकानं फिरलो. चिठ्ठी बघून निम्म्या दुकानदारांनी तोंड वाकडं केलं, तिथून लगेच निघालो.

पर्याय काय काय होते ते सांगतो. सीटखालचा ॲक्टिव्ह सब, ज्याच्या आतच अँप असतो. डिकी पूर्ण मोकळी राहते, फिटिंग तासाभराचं, आणि ज्यांना नुसता थोडा भरीवपणा हवाय त्यांना मी तोच घ्या म्हणेन. पण आठ इंची चपटा कोन सीटखाली किती हवा ढकलणार, खालचे सूर तो दाखवतो कमी आणि सुचवतो जास्त. शिवाय गोव्यात सीटखाली काही ठेवायचं म्हणजे जून ते सप्टेंबर तिथे काय होतं ते आठवा, ओल्या चपला, छत्रीचं पाणी, एसीचा पाइप तुंबला की कार्पेट भिजलेलं. तिथे मी इलेक्ट्रॉनिक वस्तू ठेवणार नाही.

दुसरा, पाच चॅनलचा. कागदावर हाच सगळ्यात शहाणा, चार स्पीकरना चार आणि सबला वेगळा ताकदीचा पाचवा. मागचे स्पीकर पण चांगले लावायचे असतील तर हाच बघा. मला मागचे नकोच होते, मागे बसणारे गप्पा मारतात, गाणं ऐकत नाहीत, मग त्या दोन चॅनलचे पैसे कशाला. तिसरा, चार चॅनल आणि सबला वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अँप. बारा इंचीवाल्यांनी, किंवा ३०० वॅटच्या वर सब चालवायचाय त्यांनी हेच करावं, मोनो बहुतेक क्लास डी असतात, करंट कमी खातात, २ ओहमला आरामात चालतात, काही तर १ ओहमला पण. पण दोन अँप म्हणजे वायरी दुप्पट, डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, फ्यूज दुप्पट, आणि फिटिंगवाल्याच्या चुकायच्या जागा पण दुप्पट.

म्हणून चार चॅनल, ब्रिज करून. आर३००एक्स४ चे आकडे असे, ४ ओहमला ५० वॅट गुणिले ४, २ ओहमला ७५ गुणिले ४, आणि ब्रिज केला तर ४ ओहमला १५० गुणिले २. सगळे आरएमएस. बॉक्सवर हजाराचा आकडा कुठेच नाही, नावातच ३०० आहे आणि बेरीज ३०० च होते, हा प्रामाणिकपणा मला आवडला. माझ्या ६० वॅटच्या स्पीकरला ५० आणि २०० च्या सबला १५०, म्हणजे दोन्हीकडे थोडं कमीच. लोक म्हणतात आरएमएसपेक्षा जास्तच द्यावं. द्या, चांगलंच आहे, हात आवरता येत असेल तर. माझ्या गाडीत माझा पुतण्या पण बसतो आणि त्याला व्हॉल्यूमचं बटण फक्त उजवीकडेच फिरतं असं वाटतं, तेव्हा थोडं कमी तेच बरं.

कंपनी अमेरिकेतली, ॲरिझोनाची, १९७३ पासून गाडीचे अँप बनवते. अँप क्लास एबी आहे, म्हणजे जुन्या पद्धतीचा, फिनवाली ॲल्युमिनियमची बॉडी, हातात घेतला की वजन लागतं. फिल्टर अँपवरच, हाय पास (फक्त वरचे सूर सोडणारा) आणि लो पास (फक्त खालचे सोडणारा) दोन्ही, ५० ते २५० हर्ट्झच्या मध्ये कुठेही फिरवा. पुढच्या आणि मागच्या चॅनलचे वेगवेगळे, जे ह्या पद्धतीच्या जोडणीला लागतातच. किंमत मुद्दाम लिहीत नाही, पणजीत एक सांगितली, बेळगावात दुसरी, ऑनलाइन तिसरी, आणि मोठ्या नावांच्या नकली वस्तू पण बाजारात असतात तेव्हा बिल आणि वॉरंटी कार्ड मिळत असेल तिथूनच घ्या, चोर्ल्याचा घाट चढून दोन पैसे वाचवण्यात अर्थ नाही, काही झालं की परत चढावा लागतो.

आता दुकान. नाव इथे टाकत नाही, फोंड्याचं आहे एवढं पुरे. मालक बोलायला गोड पण त्याचं लक्ष विकण्यावर. अँप मी चिठ्ठीप्रमाणे घेतला म्हटल्यावर त्याने वायर किट पुढे केलं, जाडजूड लाल वायर, वर "४ गेज" छापलेलं (गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप, आकडा कमी तेवढी वायर जाड). ब्लेडने टोक खरवडलं तर आत चंदेरी. म्हणजे ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. ही वायर तांब्याच्या सुमारे साठ-पासष्ट टक्केच वीज वाहते, म्हणजे जाडी दिसते तेवढी कामाची नसते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कापलेल्या टोकाला पांढरी भुकटी धरायला वेळ लागत नाही. मी अस्सल तांब्याची मागितली. "तशी कोण घेत नाही" म्हणाला, मग आतून काढून दिली. होतीच! खऱ्या ४ गेजचा तांब्याचा भाग साधारण २१ चौरस मिलिमीटर भरतो, ८ गेजचा साडेआठच्या आत. माझ्या अँपला पूर्ण जोरात ३०-३५ अँपिअर लागतील, गाणं सतत पूर्ण जोरात नसतं म्हणून सरासरी त्याच्या बरीच खाली, तेव्हा ८ ची अस्सल तांब्याची पण चालून गेली असती. ४ ची घेतली, पुढेमागे मोनो लावायची खुमखुमी आली तर परत कार्पेट उपसायला नको.

मेस्त मात्र एक नंबर. बॅटरीपासून एक वीत अंतरावर फ्यूज लावला, सांगावं लागलं नाही. लोकांना वाटतं हा फ्यूज अँप वाचवायला आहे. अँपला स्वतःचा असतो, हा गाडी वाचवायला. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, मध्ये कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर तो फ्यूजच तुमच्या आणि आगीच्या मध्ये उभा असतो, म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत पाहिजे. बॉनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच आली पाहिजे, पत्र्याला नुसतं भोक पाडून नाही. हे दोन बघितल्याशिवाय गाडीची चावी परत घेऊ नका.

ग्राउंडची वायर, म्हणजे अँपची मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी. इथे त्याच्याशी माझी थोडी हुज्जत झाली. तो मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला जोडत होता, सगळे तिथेच जोडतात. मी नको म्हटलं, तो बोल्ट माणूस धरायला आहे, त्याच्याखाली वॉशर आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घालून त्याची पकड कमी करायची नाही. मग डिकीत वेगळी जागा शोधली, रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, लग नीट क्रिम्प केला, बोल्ट आवळला आणि वरून प्रायमर मारला. ते शेवटचं प्रायमर फार महत्त्वाचं. घाटावर नाही मारलं तरी वर्षं निघतील, आपल्याकडे उघडा पत्रा एका पावसाळ्यात लाल होतो, गंज धरला की रेझिस्टन्स वाढला, मग अँप गरम, बेस पोकळ, आणि माणूस शिव्या घालतो अँपला. आणि भोक पाडताना खाली काय आहे ते आधी वाकून बघायला लावा, स्विफ्टला पेट्रोल-डिझेलची टाकी मागच्या सीटच्या खालीच येते.

साडेतीन स्टार का, पाच का नाही, ते आता. पॉवरची वायर आणि आरसीए केबल (डेककडून अँपला सिग्नल नेणारी), दोन्ही पोऱ्याने एकाच बाजूने, ड्रायव्हरच्या साइडने टाकल्या, मेस्त जेवायला गेला होता तेव्हा. गाडी चालू केली तर स्पीकरमधून बारीक शिटी, ॲक्सिलेटर दिला की शिटी चढते, सोडला की उतरते. ऑल्टरनेटरचा आवाज. मालक म्हणे, डिझेल गाडीला एवढं असतंच, गाणं लावलं की कळत नाही. असतंच म्हणजे काय! मेस्त आला, त्याने काही न बोलता उजवीकडचं कार्पेट परत उचललं आणि आरसीए डावीकडून नेली. शिटी गायब. शिटीचं दुसरं कारण म्हणजे ग्राउंड खराब असणं, ते इथे नव्हतं. पण त्या मालकाचं ऐकून मी निघालो असतो तर, आणि किती जण असे निघाले असतील. शिवाय अँप मालकाला सबच्या बॉक्सवर ठोकायचा होता, सोपं पडतं म्हणून. बॉक्स दिवसभर थरथरतो, त्याच्यावर अँप म्हणजे आतले सोल्डर सुटायची सोय. मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूडची पट्टी लावून तिच्यावर उभा बसवला, वारा लागतो, डिकीचं सामान पण आदळत नाही.

सेटिंग मी स्वतःच केलं, आणि तुम्हीही करा, अवघड नाही. गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे दुकानातल्या पोऱ्यांनाच माहीत नसतं, ते गेन अर्ध्याच्या वर आणि बेस बूस्ट पूर्ण करून देतात, गिऱ्हाईक दणका ऐकून खूश. गेनचं काम एवढंच की तुमच्या डेकमधून जेवढे व्होल्ट येतात तेवढ्यात अँपने पूर्ण पॉवर द्यावी, त्याच्या पुढे फिरवलं की नुसतं क्लिपिंग, म्हणजे तोच चिरडलेला चौकोनी सिग्नल. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा. स्पीकरच्या वायरी अँपवरून काढायच्या, डेकचे इक्वलायझर-लाउडनेस सगळे बंद, व्हॉल्यूम पाऊणावर, माझ्या डेकचा ४० पर्यंत जातो तर ३० वर, आणि १००० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट मीटरवर दिसेपर्यंत गेन हळूहळू चढवायचा. ५० वॅट ४ ओहमला १४.१ व्होल्ट. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन, १५० वॅट ४ ओहमला साडेचोवीस. झालं. सबचा गेन कानाला जास्त वाटला तर खाली आणायचा, वर कधीच नाही. बेस बूस्ट शून्यावर.

पुढच्या स्पीकरना हाय पास ८० हर्ट्झच्या जवळ, सबला लो पास ७० ते ८०. ह्या एका गोष्टीने दाराचे स्पीकर एवढे सुटतात की लोकांना वाटतं स्पीकर नवीन घेतले, कारण साडेसहा इंचीच्या डोक्यावरचं बेसचं ओझं गेलेलं असतं. आणि एक फुकटची टेस्ट, सबची प्लस-मायनस वायर एकदा उलटी करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर ज्या जोडणीत बेस भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल तीच ठेवा, लेबल काहीही म्हणू दे.

वाजतो कसा? स्विफ्टचं ते १.३ चं डिझेल इंजिन, चालवायला मजा पण आतून गुरगुरणारं, हायवेला खालचे सूर ते इंजिन आणि टायर मिळून गिळून टाकतात. आधी मी बेसचं बटण चढवत राहायचो आणि गायकाचा आवाज पिंपात गेल्यासारखा व्हायचा. आता झुवारीच्या नवीन पुलावर ऐंशीच्या स्पीडला पण पखवाज वेगळा, टाळ वेगळे. मी टेस्ट करतो ते भजनावर आणि घुमट आरतीवर. घुमट हे फार कडक परीक्षक आहे, त्याला तो मडक्याचा पोकळ "भुम्" पण असतो आणि बोटाची सुकी टिचकी पण, स्वस्तातला सब भुम् ओढत बसतो आणि टिचकी त्याच्यात बुडते. इथे भुम् येतो, थांबतो, आणि पुढची टिचकी मोकळी मिळते. त्याचं श्रेय निम्मं सीलबंद बॉक्सला, पोर्टवाला (हवेला वाट ठेवलेला) बॉक्स ह्याच पॉवरवर जास्त मोठा वाजला असता पण इतका आखूड नाही. शिगम्याचे ढोल लावले तर मात्र पोर्टवाल्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू. कळंगुटच्या पार्किंगमध्ये डिकी उघडी टाकून आख्खा किनारा हलवणाऱ्यांना १५० वॅट पुरायचे नाहीत, त्यांनी मोनो बघावा, आणि रात्री दहाच्या आधी आटपावं.

खटकलं ते असं. क्लास एबी असल्यामुळे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तासभर वाजवला की हात ठेवता येईना इतका तापतो, आजपर्यंत बंद पडलेला नाही पण एप्रिल-मेमध्ये मी आधी एसीने गाडी थोडी गार होऊ देतो. तेवढ्याच पॉवरचे क्लास डीचे अँप अर्ध्या आकाराचे येतात, सीटमागे जागा नसेल तर ते बघा, हल्लीच्या क्लास डीमध्ये आवाजाला नावं ठेवण्यासारखं काही राहिलेलं नाही. अर्धा स्टार त्यासाठी कापला. आणि दारं. अँप लावल्यावर दारांचे पत्रे जे वाजायला लागले ते आधी कधी कळलेच नव्हते. पुढच्या दोन दारांना आतून ब्युटिलची डॅम्पिंग शीट मारून घेतली आणि कंपनीचं पाणी अडवणारं प्लास्टिक परत नीट चिकटवलं, ते फाटकं ठेवलं तर पावसात पाणी थेट स्पीकरवर. खरं तर बजेट तोकडं असेल तर अँप एक पायरी खालचा घ्या पण दारांची शीट सोडू नका.

नवीन गाडीवाल्यांसाठी एक. बलेनो, नेक्सॉन, क्रेटा, ज्यांचा कंपनीचा स्क्रीन काढता येत नाही आणि मागे आरसीए नाही, त्यांनी हाय लेव्हल इनपुट असलेलाच अँप शोधा, तो स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेतो आणि बरेचसे सिग्नल आला की आपोआप चालू होतात, अँप चालू करणारी रिमोटची निळी वायर शोधत बसावं लागत नाही. नसेल तर मध्ये लाइन कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएचा करून देणारा) लागेल. पण कंपनीचे बरेच स्क्रीन आवाज वाढवला की स्वतःहून बेस कापतात, दारातले हलके स्पीकर वाचवायला, तेव्हा सब लावूनही मोठ्या आवाजात बेस गायब झाला तर दोष अँपचा नाही. आणि वायर कापू देऊ नका, कपलर मिळतात, वॉरंटीत गाडी असेल तर कापलेल्या वायरीवरून सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतात.

दुकानात परत जाईन का? जाईन, पण मेस्त आहे का ते फोन करून विचारूनच. फिटिंगचं बिल वेगळं मागून घेतलं, त्याच्यावर सहा महिने लिहून घेतले, मालक आढेवेढे घेत होता पण दिलं. पावसाळ्यानंतर एकदा ग्राउंडचा बोल्ट आणि बॅटरीवरचा लग उघडून बघायला बोलावलंय, त्याचे पैसे नाहीत म्हणालाय. गाडी सकाळी दुकान उघडतानाच नेऊन लावा, कारण दुपारी एकला शटर खाली आणि साडेतीनच्या आधी कोणी दिसणार नाही, आणि अर्धं उघडलेलं कार्पेट घेऊन तुम्ही तेवढा वेळ बाजारात फिरत बसाल.